भाल्यावर त्याचा प्रकार लिहिलेला नसतो: वर्गीकरणाचं प्रकरण लिहिण्याआधी



पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'संकलित नमुन्यांचे वर्गीकरण करण्यात येईल.' माझ्याही सिनॉप्सिसमध्ये होतं. समितीतल्या एका सरांनी ते वाक्य बोटाने दाखवून दोन प्रश्न विचारले. कशाच्या आधारे करणार? आणि कशासाठी करणार? पहिल्या प्रश्नावर मी पाच मिनिटं बोलले. दुसऱ्यावर गप्प बसले.

आजचा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. उदाहरण मात्र जरा लांबचं घेणार आहे, ते म्हणजे स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग काळातले भाले. मी मूळची संख्याशास्त्राची. आकारांचं वर्गीकरण करण्याच्या पद्धती हा माझा विषय, आणि त्या पद्धती तपासून बघायला मी जी उदाहरणं घेतली त्यातलं हे एक. तुमचा विषय वनस्पतिशास्त्र असो, भूशास्त्र असो किंवा शिक्षणशास्त्र, तुम्हालाही कधी ना कधी वस्तू, माणसं किंवा उत्तरं गटांत घालावी लागणारच आहेत. तेव्हा होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका भाल्यांच्या बाबतीत लोकांनी आधीच करून, तपासून, दुरुस्त करून ठेवल्या आहेत. म्हणून हे उदाहरण.

आधी माझी फजिती

नॉर्वेतल्या विद्यापीठ-संग्रहालयांमधल्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर बघायला मिळतात. सरावासाठी मी त्यातले चाळीस भाले निवडले, एक छापील तक्ता समोर ठेवला आणि प्रत्येकापुढे प्रकाराचं अक्षर लिहून टाकलं. दोन संध्याकाळी लागल्या. यादी घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी यादी बघितलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "ही माझ्याकडे राहू दे. महिन्याने हेच फोटो क्रम बदलून परत कर."

महिन्याने परत केलं. चाळीसपैकी सात ठिकाणी माझंच उत्तर माझ्याच आधीच्या उत्तराशी जुळलं नाही.

भाले तेच, तक्ता तोच आणि बघणारी व्यक्तीही तीच. मग बदललं काय? शोधल्यावर लक्षात आलं की पहिल्या वेळी मी पात्याचे खांदे किती रुंद आहेत ते आधी बघत होते, आणि दुसऱ्या वेळी पात्याच्या मानाने नळी किती लांब आहे ते. नियम मी कुठे लिहूनच ठेवला नव्हता. तो डोळ्यात होता, आणि महिन्याभरात डोळा बदलला.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आता भाल्याकडे वळू.

हातात नेमकं काय येतं?

भाल्याच्या लोखंडी टोकाला आपल्याकडे फळ म्हणतात. दांडा लाकडाचा. तो हजार वर्षांत मातीत कुजून जातो, त्यामुळे उत्खननात बहुतेक वेळा फक्त फळच मिळतं. फळाचे मुख्य भाग दोन: पुढचं पातं, आणि दांडा बसवायची पोकळ नळी. नळीत कधी खिळ्याची भोकं असतात आणि आत लाकडाचा एखादा तुकडा गंजाला चिकटून राहिलेला असतो. पात्याच्या मधोमध कधी कणा उठलेला असतो. पातं जिथे सर्वांत रुंद होतं ते त्याचे खांदे. काही फळांना नळीच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख काढलेले असतात.

ढोबळमानाने व्हायकिंग काळ इ. स. ८०० ते १०५० असा धरतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न मठावर ७९३ साली झालेला हल्ला आणि १०६६ सालच्या लढाया ही त्याची नेहमी सांगितली जाणारी दोन टोकं. नॉर्वेत या काळात मृताबरोबर शस्त्रं पुरण्याची चाल होती. तलवार महाग होती. भाला आणि कुऱ्हाड त्या मानाने जास्त लोकांच्या आवाक्यातली. म्हणून भाले भरपूर सापडतात.

पण ते सापडले कसे, हे महत्त्वाचं. अनेक फळं एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांना नांगरताना किंवा थडग्याचे उंचवटे सपाट करताना मिळाली. सोबत काय होतं, कुठल्या बाजूला होतं याची नोंद अशा वेळी क्वचितच झाली. शिवाय दहन केलेल्या थडग्यांमधली शस्त्रं कधी मुद्दाम वाकवलेली असतात. गंमत म्हणजे आगीतून गेलेल्या लोखंडावर एक ऑक्साइडचा थर बसतो आणि तो पुढे गंजापासून थोडंफार संरक्षण करतो. म्हणजे जळलेला भाला कधीकधी न जळलेल्यापेक्षा चांगला टिकतो, पण वाकलेला असतो. तुमचा डेटा तुमच्यापर्यंत पोचण्याआधी कुठकुठल्या चाळण्यांमधून गेलाय, हे आधी लिहून काढायचं ते यासाठी.

प्रकार पाडायची कल्पना आली कुठून?

स्वीडनचे ओस्कार मोंटेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टायपॉलॉजीची पद्धत व्यवस्थित मांडली. टायपॉलॉजी म्हणजे वस्तूंचे आकारावरून प्रकार पाडून त्यांचा क्रम लावणं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण आपल्याला लगेच पटतं, ते रेल्वेच्या डब्यांचं. सुरुवातीचे डबे घोडागाडीच्या खोक्यांसारखे दिसत. जणू तीन बग्ग्या एकापुढे एक जोडल्यात. मग हळूहळू डब्याला स्वतःचा आकार आला. डब्यांची चित्रं मिसळून तुमच्यापुढे टाकली तरी तुम्ही त्यांचा क्रम बऱ्यापैकी लावू शकाल.

पण मोंटेलियस यांनी दुसरी अटही घातली होती, आणि ती आपण विसरतो. आकारावरून लावलेला क्रम हा फक्त अंदाज. तो पडताळायचा बंदिस्त शोधांवरून. बंदिस्त शोध म्हणजे एकाच वेळी एकत्र ठेवल्या गेलेल्या वस्तू, उदाहरणार्थ एकच थडगं. पहिल्या प्रकारचा भाला वारंवार जुन्या धर्तीच्या दागिन्यांबरोबर आणि तिसऱ्या प्रकारचा नव्या धर्तीच्या दागिन्यांबरोबर सापडत असेल, तर क्रमाला आधार मिळतो. तसं नसेल, तर तो क्रम तुमच्या मनातला.

नॉर्वेत ओलुफ रीग यांनी १८८५ साली पुरावस्तूंचा सचित्र संग्रह काढला. त्यातल्या चित्रांना क्रमांक होते, आणि 'अमुक क्रमांकाच्या चित्रासारखा' अशी नोंद करण्याची पद्धत संग्रहालयांत रूढ झाली. ते अजून वर्गीकरण नव्हतं, ओळख पटवण्याची सोय होती. पुढे १९१९ साली यान पीटरसन यांचं नॉर्वेतल्या व्हायकिंग तलवारींवरचं पुस्तक आलं. नाव तलवारींचं असलं तरी त्यात भाले आणि कुऱ्हाडीही आहेत. भाल्यांचे त्यांनी ए पासून एम पर्यंत बारा प्रकार पाडले. (ए ते एम म्हणजे तेरा अक्षरं होतात, पण जे वगळलंय.) सुरुवातीच्या काही प्रकारांत पंख असलेली फळं येतात, के हा प्रकार मुख्यतः दहाव्या शतकातला, आणि लांब सडपातळ पात्याचा एम हा दहाव्या शतकाच्या अखेरचा आणि अकराव्यातला. शंभर वर्षं उलटली तरी लोक आजही 'पीटरसन के', 'पीटरसन एम' असंच लिहितात.

तलवार सोपी, भाला अवघड

पीटरसन यांनी तलवारींचे प्रकार मुठीवरून पाडले. मुठीची वरची गाठ तीन भागांची की पाच भागांची, आडवी पट्टी सरळ की वाकडी. असे फरक बरेचसे 'आहे किंवा नाही' या स्वरूपाचे असतात. तिथे दोन माणसांचं एकमत होणं सोपं जातं.

भाल्याला मूठ नाही. पंख सोडले तर बाकी सगळं 'कमी-जास्त' या स्वरूपाचं. पातं थोडं लांब, खांदे थोडे खाली, नळी थोडी आखूड. एका टोकाला स्पष्ट के, दुसऱ्या टोकाला स्पष्ट एम, आणि मधे असे भाले की ज्यांना दोन्ही नावं शोभतात. माझे सात गोंधळलेले भाले याच मधल्या पट्ट्यातले निघाले.

म्हणून पुढच्या अभ्यासकांनी वेगळे रस्ते धरले. बर्गल्यॉट सोलबर्ग यांनी १९८४ साली बर्गन विद्यापीठात भाल्यांवरच डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यांनी व्हायकिंग काळाबरोबर त्याआधीचा मेरोव्हिंगियन काळही घेतला, मोजमापांवर भर दिला आणि आपल्या गटांना रोमन अंक दिले. क्रिस्टिना क्रॉइट्स यांनी २००३ च्या प्रबंधात सगळे प्रकार न घेता बाल्टिक समुद्राभोवती सापडणारा फक्त एम प्रकार घेतला आणि ती फळं घडवली कशी गेली, घडवणाऱ्यांच्या परंपरा कशा होत्या, या बाजूने पाहिलं. रशियात अनातोली किर्पिच्निकोव यांनी १९६६ साली तिथल्या मध्ययुगीन भाल्यांची स्वतंत्र विभागणी केली.

आता परीक्षेत विचारतात तसा प्रश्न: यातलं बरोबर कोणाचं?

या प्रश्नातच गडबड आहे. पीटरसन यांना प्रामुख्याने काळ ठरवायचा होता. क्रॉइट्स यांना कारागीर आणि परंपरा समजून घ्यायच्या होत्या. एकाच फळाला काळाच्या वर्गीकरणात एक जागा मिळेल आणि कारागिरीच्या वर्गीकरणात दुसरी. दोन्ही बरोबर असू शकतात. कपाटातले कपडे तुम्ही ऋतूप्रमाणे लावता की रंगाप्रमाणे, यात बरोबर-चूक नसतं. पण पावसाळ्यात रेनकोट पटकन सापडायला हवा असेल, तर रंगाप्रमाणे लावून उपयोग नाही.

प्रकार सापडतात की पाडले जातात?

यावर १९५० च्या दशकात अमेरिकेत मोठा वाद झाला. तुमच्या वाङ्मयाच्या आढाव्यात तो आला तर प्रकरणाला वजन येईल. आल्बर्ट स्पॉल्डिंग यांनी १९५३ साली मांडलं की काही गुणधर्म एकत्र येण्याचं प्रमाण योगायोगापेक्षा जास्त असेल, तर तो प्रकार वस्तूंमध्येच आहे आणि संख्याशास्त्राने तो शोधून काढता येतो. जेम्स फोर्ड यांनी १९५४ साली एका काल्पनिक बेटसमूहावरच्या घरांचं उदाहरण घेऊन उलट बाजू मांडली. घरांचे आकार जागेनुसार आणि काळानुसार हळूहळू बदलत जातात, त्या सलग बदलावर रेघ कुठे मारायची हे अभ्यासक ठरवतो.

मी संख्याशास्त्राची, त्यामुळे साहजिकच स्पॉल्डिंग यांच्या बाजूला होते. भाल्यांनी मला अर्ध्यावर आणलं. पंख असलेली आणि नसलेली फळं हा फरक खरोखर वस्तूत आहे. के आणि एम यांच्या मधली रेघ मात्र बरीचशी आपण मारलेली. एकाच वर्गीकरणात दोन्ही तऱ्हेच्या रेघा असतात. आपली कुठली रेघ कुठल्या तऱ्हेची आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

इथे एक सावधगिरी. आजकाल कुणीही सॉफ्टवेअरमध्ये मापं टाकून 'पाच गट करून दे' म्हणतं. के-मीन्ससारखी पद्धत पाच सांगितले तर पाच गट देणारच. डेटात एकही खरा गट नसला, सगळं सलग पसरलेलं असलं, तरीही देईल. गट मिळाले म्हणून गट आहेत असं होत नाही. दोन, तीन, चार गट करून बघा, थोडे नमुने वगळून बघा. गट दर वेळी फुटून वेगळेच जुळत असतील, तर ती रेघ तुमची आहे.

पट्टी हातात घेतल्यावर

आता थोडा हिशोब. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत.

अ भाल्याची एकूण लांबी ४० सेंमी, नळी १२ सेंमी. ब भाल्याची लांबी ३० सेंमी, नळी ९ सेंमी. नुसत्या लांबीने बघितलं तर दोन्ही वेगळे. पण नळी भागिले एकूण लांबी हे गुणोत्तर काढलं तर १२/४० म्हणजे ०.३० आणि ९/३० म्हणजेही ०.३०. आकार एक, माप वेगळं. तुम्हाला आकार हवाय की माप, हे आधी ठरवावं लागेल. शिकारीचा आणि लढाईचा भाला वेगळा होता का, असं विचारत असाल तर माप महत्त्वाचं. घडवण्याची धाटणी विचारत असाल तर आकार.

आता गंज आणा. दोन्ही भाल्यांची टोकं ३ सेंमी झडली. गुणोत्तरं झाली १२/३७, म्हणजे साधारण ०.३२४, आणि ९/२७, म्हणजे ०.३३३. तुम्ही गटाची सीमा ०.३२ वर ठेवली असेल, तर दोन्ही भाले उडी मारून पलीकडच्या गटात गेले. प्राचीन लोहाराचा यात काही संबंध नाही. हे वर्गीकरण गंजाने केलंय. शिवाय तेवढ्याच झिजेने लहान भाला जास्त सरकला, म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरत नाही.

तिसरी गोष्ट एककांची. लांबी ४०० मिमी आणि पात्याची जाडी ८ मिमी. दोन्ही तशीच टाकली तर नमुन्यांमधलं अंतर जवळजवळ पूर्णपणे लांबीच ठरवेल आणि जाडी घेतली काय, न घेतली काय, सारखंच. म्हणून मापं आधी प्रमाणित करायची. पण प्रमाणित करणं म्हणजे 'सगळ्या मापांना सारखं वजन' असा निर्णय आहे. तोही निर्णयच. आपोआप झालेली गोष्ट नव्हे.

आणि चौथी, माझ्या फजितीची. ४० पैकी ३३ वेळा जुळलं म्हणजे ०.८२५. ऐकायला छान वाटतं. पण काही उत्तरं नुसत्या योगायोगानेही जुळली असती. तो भाग काढून टाकायला जेकब कोहेन यांनी १९६० साली कप्पा हा निर्देशांक दिला. योगायोगाने जुळण्याचं प्रमाण समजा ०.३५ धरलं, तर (०.८२५ − ०.३५) भागिले (१ − ०.३५), म्हणजे सुमारे ०.७३. वाईट नाही, पण ०.८२५ ही नाही. आणि हे तर माझं माझ्याशीच. दुसऱ्या माणसाशी तुलना केली तर आकडा आणखी खाली येण्याचीच शक्यता जास्त.

तारखेचा गोल फेरा

सगळ्यात मोठा खड्डा हा आहे, म्हणून नीट वाचा.

एखाद्या थडग्यात के प्रकारचा भाला सापडला. संशोधक लिहितो, 'भाला के प्रकारचा असल्याने थडगे दहाव्या शतकातले.' दुसरा संशोधक के प्रकारचा काळ तपासायला निघतो, थडग्यांची यादी करतो, त्यात हे थडगंही घेतो आणि लिहितो, 'के प्रकार दहाव्या शतकातल्या थडग्यांत आढळतो.' भाल्याने थडग्याला तारीख दिली आणि थडग्याने तीच भाल्याला परत केली. नवीन माहिती शून्य, पण संदर्भ दोन झाले. पुढच्या प्रबंधात हे दोन्ही संदर्भ पुरावा म्हणून येतील.

यातून सुटायचं तर भाल्याबाहेरची तारीख हवी. लाकडाच्या वार्षिक वलयांवरून मिळालेल्या तारखा फार नेमक्या असतात. नॉर्वेतली दोन प्रसिद्ध जहाज-थडगी त्या पद्धतीने तपासली गेली आहेत. ओसेबर्गचं थडगं ८३४ सालचं, आणि गोकस्तादचं दहाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. पण ओसेबर्गमध्ये दोन स्त्रिया पुरलेल्या होत्या आणि तिथे भाला नाही. गोकस्तादमध्ये ६४ ढाली मिळाल्या, पण थडगं जुन्या काळीच लुटलं गेलेलं होतं आणि भाला तिथेही मिळाला नाही. म्हणजे ज्या थडग्यांची तारीख सर्वांत पक्की, ती आपल्या कामाची नाहीत.

नाण्यांचा आधार मिळतो, पण एका बाजूनेच. ९२० साली पाडलेलं नाणं थडग्यात असेल तर थडगं ९२० च्या आधीचं नाही, एवढंच कळतं. नंतरचं किती, ते नाही कळत. नाणं चाळीस वर्षं कुणाच्या गळ्यातही असू शकतं. नळीतल्या लाकडाचं रेडिओकार्बन मापन करता येतं, पण त्याचं उत्तर एक साल नसतं, एक पट्टा असतो. शिवाय ते लाकडाचं वय आहे, फळाचं नाही. दांडा मोडला की नवा बसवतात, फळ तेच राहतं.

डोळ्याला न दिसणारं

आकार सारखा म्हणजे उगम एक, असंही नाही. पंख असलेली फळं फ्रँक लोकांच्या कॅरोलिंगियन साम्राज्यात चालत होती आणि नॉर्वेतही सापडतात. ती तिकडून आली की इथल्या लोहाराने बघून घडवली? साम्राज्याकडून शस्त्रं बाहेर जात होती याची चुणूक कायद्यांतून मिळते. ८०५ साली पूर्वेकडे स्लाव आणि आवार लोकांशी व्यापार करणाऱ्यांना शस्त्रं नेण्याची बंदी घातली गेली, आणि ८६४ च्या पीत्रच्या फर्मानात उत्तरेकडच्या लोकांना शस्त्रं देण्याविरुद्ध कडक तरतूद होती. बंदी घालावी लागली, म्हणजे शस्त्रं जात होती. पण तुमच्या हातातलं नेमकं हे फळ तिकडून आलं का, हे ना कायदा सांगतो ना आकार. क्ष-किरण चित्रात गंजाखालचे पीळ दिसतात, म्हणजे वेगवेगळ्या लोखंडाच्या सळ्या पिळून एकत्र ठोकल्याच्या खुणा. धातूच्या सूक्ष्म रचनेतून कारागिरी कळते. ही वेगळी चाचणी आहे. आकाराच्या वर्गीकरणाकडून तिचं उत्तर मागायचं नाही.

लेबल एकदा चिकटलं की

हे सगळं कागदावरचं भांडण वाटत असेल, तर एक उदाहरण देते. स्वीडनमध्ये बिर्का इथे १८७८ साली एक थडगं खणलं गेलं, क्रमांक बीजे ५८१. भाल्यासह लढाईची सगळी शस्त्रं, दोन घोडे. शस्त्रं म्हणजे पुरुष, या हिशोबाने ते पुरुष योद्ध्याचं थडगं म्हणून शंभराहून जास्त वर्षं नोंदलं गेलं. २०१७ साली शार्लोट हेडेनस्टियेर्ना-यॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती व्यक्ती जैविकदृष्ट्या स्त्री होती. ती स्वतः लढली होती का, यावर वाद झाला. पण 'शस्त्र आहे, म्हणून पुरुष' हा नियम निष्कर्ष नव्हता, ते आधीच लावलेलं लेबल होतं, हे तर उघड झालं. त्या लेबलावरून किती तक्ते बनले असतील, कल्पना करा. तुमच्या तक्त्यातल्या रकान्यांचंही असंच होऊ शकतं. तुम्ही लिहिताना 'बहुधा' म्हणता, पण रकान्यात 'बहुधा' मावत नाही.

तुमच्या प्रबंधासाठी

मी आता स्वतःसाठी भिंतीवर चिकटवलेली यादी इथे देते.

१. वर्गीकरण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी करतोय, हे एका वाक्यात लिहा. वाक्य होत नसेल तर मापं घ्यायला बसू नका.

२. नियम लिहा, आणि क्रमाने लिहा. आधी काय बघायचं, मग काय. सीमेवरच्या नमुन्याचं काय करायचं, तेही.

३. 'ठरवता येत नाही' हा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर स्वतःवर शंका घ्या.

४. जे मोजलं ते आणि जे अंदाजाने धरलं ते, वेगवेगळ्या रकान्यांत. झडलेल्या टोकाची लांबी अंदाजाने पूर्ण केली असेल, तर तसं नोंदवा.

५. काही दिवसांनी स्वतः परत करा, आणि एकदा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. न जुळलेले नमुने लपवू नका. वर्गीकरण कुठे कच्चं आहे ते तेच सांगतात.

६. ज्या गोष्टीवरून गट पाडले, त्याच गोष्टीने गट सिद्ध करू नका. पडताळणीसाठी बाहेरचा पुरावा वापरा.

७. जुनं वर्गीकरण मोडीत काढण्याआधी ते कशासाठी केलं होतं ते वाचा. पीटरसन यांच्याकडे संगणक नव्हता, पण थडग्यांतल्या वस्तूंच्या जोड्या त्यांनी बारकाईने बघितल्या होत्या.

त्या चाळीस भाल्यांचं पुढे काय झालं? मी नियम लिहून काढले, सात भाल्यांपुढे 'के किंवा एम' असं लिहिलं आणि यादी परत मॅडमकडे नेली. मला वाटलं, कच्चं काम म्हणून बोलणी बसणार. त्यांनी ती सात नावं पेन्सिलीने गोल केली आणि म्हणाल्या, "आता या सातांवर काम कर. बाकीचे तेहतीस कुणीही सांगेल."

सध्या मी त्या सातांवरच आहे. समितीची पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे, आणि 'कशासाठी' या प्रश्नावर या वेळी निदान माझ्याकडे एक वाक्य आहे. तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते वर्गीकरणाचं वाक्य काढा, आणि त्याच्यापुढे तुमचंही असं एक वाक्य लिहून बघा.